एका हंगामापुरती रायफल

बॅलिनरो, कुरंगल
न्यू साउथ वेल्स
७ जुलै १९९९

मर्व्हिन,

मंगळवार, ६ जुलै, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तू तुझ्या दुकानाच्या काउंटरवर माझ्याशी खोटं बोललास. वेळ मी तुझ्या डोक्यामागच्या घड्याळात पाहिली. ते घड्याळ चार मिनिटं पुढे असतं हे अख्ख्या कुरंगलला माहीत आहे. ती चार मिनिटं मी वजा केली आहेत.

झालं ते सगळं लिहून काढते, कारण लिहिलेलं माणसाला सहज विसरता येत नाही.

मे महिन्यात मी तुला पहिलं पत्र लिहिलं. सिसिली फेब्रुवारीत गेली, तिच्या शेहेचाळीस मेंढ्या माझ्याकडे राहिल्या, आणि त्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात व्यायला लागतील, हे सगळं त्यात होतं. गेल्या वर्षी एक्कावन्न कोकरांतली चौदा कोल्ह्यांनी नेली. आम्ही दोघी बहिणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. सिसिलीची जुनी आपोआप भरणारी रायफल, तसल्या रायफलींवर बंदी आल्यावर, दोन वर्षांपूर्वी सरकारने गोळा करून चिरडली, आणि तिने रागाने दुसरी घेतलीच नाही. कोल्ह्यांना तिच्या रागाचं काही पडलं नव्हतं. तेव्हा मी विचारलं की एकाहत्तर वर्षांच्या, पाच फूट एक इंच उंचीच्या, आयुष्यात तीनदा बंदूक झाडलेल्या बाईने दुर्बिणीसकट सहाशे डॉलरांत कोणती रायफल घ्यावी.

तुझं वीस मेचं उत्तर माझ्यापुढे आहे. दहावीत असं लिहिलं असतंस तर मी तुला बीजगणितात शंभरातले एकतीस देऊन थांबले नसते. तू लिहिलंस, "बाई, पैसे थोडे असले की लोक सगळे रायफलीत घालतात आणि उरलेल्या चिल्लरीत दुर्बीण घेतात. कोल्हा येतो उजाडताना, धुक्यात. तो दिसलाच नाही तर उत्तम नळी घेऊन काय करायचं?" जाड नळीची नवी रायफल नेमकी असते, पण कुंपणापर्यंत नेता नेता तुमचा श्वास वर चढेल, आणि धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात कुठलीच रायफल नेमकी नसते, असं म्हणालास. लष्करातून निघालेली, लाकूड कापून हलकी केलेली जी स्वस्तात होती ती गाढवासारखी लाथ मारते, म्हणून ती नको. उरली ती फिनलंडची, जुनी, ट्रिपल टू या लहान मापाच्या काडतुसाची, बारीक नळीची, हाताने बोल्ट मागे ओढून एकेक काडतूस भरायची. तिचा दस्ता मानेपाशी तडकलेला, कोणीतरी पितळेची खीळ घालून सांधलेला. त्या खिळीमुळेच ती माझ्या आवाक्यात आली.

जूनमध्ये मी ती पाहिली. तू गावाबाहेरच्या चांदमारीवर माझ्यासमोर शंभर मीटरवरून पाच गोळ्या झाडल्यास आणि पाचही वीस सेंटच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या. मी इसारा दिला. तू पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर "डेव्हिट" लिहून ती चापाच्या कडीला बांधलीस. मग कायद्याचे अठ्ठावीस दिवस मी वाट पाहिली. सोमवारी खरेदीचा परवाना टपालाने आला, मंगळवारी मी तुझ्यापुढे उभी राहिले.

"बाई, ती गेली," तू म्हणालास.

"कुठे गेली?"

"विकली गेली. चूक झाली."

"माझं नाव बांधलेलं असताना?"

"चिठ्ठी सुटून पडली असेल."

हे बोलताना तू काउंटरच्या काचेकडे बघत होतास. नोएल प्रॅटच्या वहीतून गणितं उतरवलेली असायची तेव्हा तू असाच बाकाकडे बघायचास.

मला खुलासा हवा आहे.

अर्सुला डेव्हिट

*

हिबर्ट, शेती व शिकारीचं सामान
मुख्य रस्ता, कुरंगल
९ जुलै १९९९

आदरणीय बाई,

तुमचं पत्र मिळालं. लोरेनलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, अजून शाळा सुटलेली दिसत नाही तुमची.

चूक माझीच आहे. शनिवारी गर्दी होती, किनाऱ्याकडचा एक माणूस आला, त्याला ती आवडली आणि गडबडीत दिली गेली. तुमचा इसारा याच पाकिटात परत पाठवतो आहे. मला फार वाईट वाटतं.

बाई, मी एक सुचवू का? रायफलीचा नाद या वर्षी सोडा. एवढ्या थंडीत उजाडताना ओल्या गवतात बसायचं हे तुमचं वय नव्हे. मी माझ्या ओळखीचा माणूस पाठवतो. तो आठवड्यातून दोनदा येईल, कोल्हे मारेल, तुम्ही त्याला फक्त चहा द्या. नाहीतर मेंढ्यांत एक अल्पाका सोडा. तो लांब मानेचा उंटाचा भाऊबंद कोल्ह्याला तुडवतो, आणि त्याला परवाना लागत नाही.

लोरेन विचारते आहे की तुम्ही वेळेवर जेवता ना. रविवारी प्रार्थनेनंतर तुम्ही आमच्याकडेच जेवायला यावं असं तिचं म्हणणं आहे. ती भाजलेलं कोकरू करणार आहे. तिच्या हातच्या बटाट्यांबद्दल मी लग्नाआधीपासून गप्प आहे, पण मटण चांगलं होतं.

आणि बाई, संध्याकाळी फार एकटं वाटलं तर दुकानाच्या नंबरावर फोन करा. मी सातपर्यंत असतो.

तुमचा,
मर्व्ह हिबर्ट

*

बॅलिनरो
१४ जुलै १९९९

मर्व्हिन,

तू पाठवलेला इसारा सोबत तुलाच परत करते आहे. चिठ्ठी अजून बांधलेली आहे, तेव्हा सौदाही बांधलेला आहे.

काल पेग ओल्ड्री तुझ्याकडे मेंढ्यांच्या कानाचे बिल्ले घ्यायला आली होती. तू बिल्ले शोधायला मागच्या खोलीत गेलास आणि दार उघडं ठेवलंस. पेगचे गुडघे गेले असतील, डोळे गेलेले नाहीत. संध्याकाळी ओढा ओलांडून ती माझ्याकडे आली, बूट न काढता स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "अर्सुला, ती पितळेची खीळ कुठल्या बाजूला आहे म्हणालीस?"

"डाव्या."

"मग तुझी रायफल किनाऱ्याला गेलेली नाही. मर्व्हच्या तिजोरीत उभी आहे. चिठ्ठीसकट."

"तुझी खात्री आहे?"

"बाई गं, तुझ्या आडनावात एवढे कोपरे आहेत की ते मला चष्म्याशिवाय वाचता येतं."

म्हणजे तू माझ्याशी दोनदा खोटं बोललास. एकदा तोंडाने आणि एकदा दुकानाचं नाव छापलेल्या कागदावर. तोंडाने बोललेलं मी एखाद वेळ भीती म्हणून सोडून दिलं असतं. कागदावर लिहायला माणूस खुर्चीत बसतो, पेन उघडतो. तेवढ्या वेळात शरम वाटायला हवी होती.

का, हे मी आठवडाभर शोधते आहे. पहिला तर्क असा, की तुला बाईच्या हातात रायफल बघवत नाही. पण तू सिसिलीला वीस वर्षं काडतुसं विकलीस, आणि जत्रेतल्या नेमबाजीत ती तुझ्यापुढे जायची तेव्हा तूच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायचास. दुसरा तर्क असा, की मी म्हातारी झाले. पण पेग माझ्याहून तीन वर्षांनीच लहान आहे, तिला तू गेल्याच वर्षी रायफल विकलीस, आणि तिचा तर एक डोळा कोंबड्यांवर आणि दुसरा शेजाऱ्यांवर असतो. तिसरा तर्क, ते एकतीस मार्क. अठ्ठावीस वर्षं हा सल बाळगण्याइतका चिवट तू कधीच नव्हतास. तसा असतास तर पहाडे पाठ झाले असते.

आणि मला वेळेवर जेवता का असं विचारायचं नाही. सतरा वर्षं मी कॉन्व्हेंटमधल्या जोगिणींच्या वसतिगृहात काढली. तिथे घंटा झाली की जेवायचं आणि पुढची घंटा झाली की चमचा खाली ठेवायचा. मला अजून ती घंटा ऐकू येते. एकटं वाटलं तर फोन करा म्हणतोस. ज्याने मला खोटं सांगितलं त्याला फोन करून मी काय ऐकू?

अल्पाकाबद्दल मी काही लिहीत नाही.

एकोणीस दिवसांनी पहिली मेंढी विणार आहे. कोल्हे आत्ताच ओढ्याच्या अलीकडे यायला लागलेत. रविवारी एक मादी दिवसाढवळ्या पाण्याच्या टाकीपाशी बसून घराकडे बघत होती. मी दार उघडलं तरी ती हलली नाही. तू माझी रायफल का अडवून ठेवली आहेस ते खरं लिही.

अर्सुला डेव्हिट

*

कुरंगल
१७ जुलै १९९९

बाई,

आज दुकानाचा कागद घेतलेला नाही. हे घरून लिहितो आहे.

रायफल माझ्याकडेच आहे. किनाऱ्याकडचा माणूस मी बनवला. पाच जुलैला संध्याकाळी मी ती बाहेरच्या कपाटातून काढून मागच्या तिजोरीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा जे तोंडाला आलं ते बोललो.

तुम्ही लेस क्विल्टीला ओळखायचात. पूल ओलांडल्यावर त्याची जमीन होती. एक्क्याण्णवमध्ये सरकारने लोकरीचा हमीभाव काढून घेतला आणि मेंढ्या विकण्यापेक्षा मारून पुरणं स्वस्त पडायला लागलं, त्या वर्षी एका गुरुवारी तो दुकानात आला. काडतुसांचं एक पाकीट मागितलं. लेस नेहमी दहा-दहा पाकिटं न्यायचा. मी म्हणालो, "काय लेस, कोल्ह्यांची दया यायला लागली वाटतं?" तो हसला. म्हणाला, "एक पुरे." मी पाकीट दिलं, सुटे परत दिले, फुटबॉलबद्दल बोललो. शनिवारी त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला.

बाई, मी त्याच्या पेटीला खांदा दिला. त्याची बायको एड्ना अजून गावात येते, पण माझ्या दुकानाच्या बाजूच्या फुटपाथवरून चालत नाही. समोरच्या बाजूने जाते. तिने मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. आठ वर्षं मी तो गुरुवार डोक्यात फिरवतो आहे. तो हसला तेव्हा मी त्याच्याकडे बघत नव्हतो, मी सुटे पैसे मोजत होतो.

आता तुमचं. मेमधल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की नळी किती वर्षं टिकेल याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही, "मला एकच हंगाम काढायचा आहे." तेव्हा मी ते वाचून पुढे गेलो. जूनमध्ये तुम्ही काडतुसांचं एकच पाकीट बाजूला ठेवायला सांगितलंत. मग कळलं की सिसिलीचा कुत्रा तुम्ही पेगला देऊन टाकला. मग पाच जुलैला दुपारी थडग्याचे दगड घडवणारा डिएगन माझ्याकडे छिन्नीला मूठ बसवून घ्यायला आला आणि सहज बोलून गेला की मिस डेव्हिटनी बहिणीच्या दगडावर स्वतःचंही नाव कोरून घेतलं, फक्त वर्ष तेवढं मोकळं आहे.

मी रायफल कपाटातून काढली, बाई. माझा हातच तसा गेला.

हे मी तुम्हाला तोंडावर कसं विचारू? तुम्ही आमच्या बाई. तुमच्यापुढे मी अजून दहावीतलाच असतो. आणि माझी शंका खोटी असली तर हा केवढा अपमान, आणि खरी असली तर पुढे काय बोलायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही. म्हणून खोटं बोललो. खोटं बोलणं सोपं गेलं.

रागावा. पण उत्तर द्या.

मर्व्ह

*

कुरंगल
२३ जुलै १९९९

बाई,

सहा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. फोन वाजतो, तुम्ही उचलत नाही. काल लोरेन पाव आणि सूप घेऊन तुमच्या फाटकापर्यंत आली होती. तुम्ही अंगणात उभ्या होतात, तिला पाहिलंत आणि आत गेलात. सूप तिने फाटकाच्या खांबावर ठेवलं.

मी पेगला फोन केला. विचारलं, "कशा आहेत त्या?"

"जिवंत आहे."

"पेग, मी गंमत करत नाहीये."

"मीही करत नाहीये. रोज सकाळी तिच्या धुराड्यातून धूर निघेपर्यंत मी दाराशी उभी असते. तू रायफल लपवलीस ते बरं केलंस की वाईट ते मला कळत नाही, मर्व्ह. पण तू मला तरी सांगायचं होतंस. तुझा तो कागद तिने मला वाचायला दिला तेव्हा मला कळलं की मी कशावर लक्ष ठेवायला हवं होतं."

तिचं म्हणणं बरोबर आहे.

दोन ओळी तरी लिहा. शिव्या दिल्यात तरी चालतील.

मर्व्ह

*

बॅलिनरो
रविवार, २५ जुलै १९९९

मर्व्हिन,

लोरेनला सांग की सूप चांगलं होतं, मीठ कमी होतं, आणि तिला फाटकावरून परत जावं लागलं त्याबद्दल तिची माफी मागायला मी स्वतः येईन. त्या दिवशी मला कोणाच्या नजरेसमोर उभं राहता येत नव्हतं.

तुझं सतरा तारखेचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. पहिल्या वेळी इतकी संतापले की तुला सळो की पळो करून सोडणारं उत्तर एका बैठकीत लिहून काढलं. चार पानं झाली. तू जे जे पुरावे म्हणून मांडलेस त्या प्रत्येकाची मी त्यात वासलात लावली होती. कुत्र्याचं असं, की फर्गस सिसिलीचा. ती गेल्यापासून तो फाटकाशी पडून राहायचा आणि खायचा नाही. पेगकडे तिच्या कुत्रीशी भांडून भांडून का होईना, खायला लागला. काडतुसांचं असं, की एका पाकिटात वीस असतात, आणि गेल्या वर्षी मी खिडकीतून मोजलेले कोल्हे सात होते. एकेका कोल्ह्याला तीन गोळ्या लागणार असतील तर मी रायफल घ्यायलाच नको. थडग्याच्या दगडाचं असं, की डिएगन माणूस सरळ असला तरी त्याचं अक्षर दर वर्षी बिघडत चाललंय. त्याचा हात धड आहे तोवर मला माझं नाव शुद्ध कोरून हवं होतं. पुढे कोणा परक्या माणसाने डेव्हिटमधल्या दोन टींतला एक गाळला असता, आणि मला तिथून उठून तो सुधारता आला नसता.

इतकं लिहून झालं आणि उरलं ते "एकच हंगाम." त्याची वासलात लावायला मी पेन उचललं. म्हटलं, मेंढ्या हंगामानंतर विकणार आहे असं लिहावं. पण मेमध्ये मी मेंढ्या विकायचं ठरवलेलं नव्हतं. ते मी तुझं पत्र आल्यावर ठरवलं, तुला उत्तर देता यावं म्हणून. मग मी ती चारही पानं चुलीत घातली, आणि म्हणून तुला आठ दिवस उत्तर नाही.

आता जे लिहिते आहे ते मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. पापनिवेदनाच्या खिडकीतही नाही.

चौदा मार्च हा रविवार होता. सिसिलीला जाऊन चौथा आठवडा. मी प्रार्थनेहून आले, दोघींचा चहा ओतला, दुसरा कप समोर ठेवला, आणि मग तो कप कोणाचा हे लक्षात आलं. त्यानंतर मी टेबलापाशी बसून राहिले. रडले नाही. डोकं अगदी स्वच्छ होतं, गणित सुटावं तसं स्वच्छ, आणि त्यातून एकच उत्तर येत होतं. त्या दिवशी घरात रायफल असती तर मी हे पत्र लिहायला नसते. हे वाक्य मी आत्ता पहिल्यांदा लिहिलं, आणि मला ते बरोबर वाटतं.

दुपारी दोनच्या सुमारास खिडकीतून घराजवळच्या कुरणात एक मेंढी उताणी पडलेली दिसली. तुला सांगायला नको, अंगाने भरलेली मेंढी, अंगावर पावसाने भिजलेली लोकर, एकदा पाठीवर पडली की तिला स्वतःहून उठता येत नाही आणि काही तासांत मरते. मी स्वतःशी म्हणाले, आधी ती उलटवू, मग बघू. गेले. तिची लोकर दोन्ही मुठींत धरून ओढली. वजन माझ्यापेक्षा जास्त. तिसऱ्या खेपेला ती उलटली आणि तिने माझ्या नडगीवर अशी लाथ मारली की मी गवतात बसले. ती तशीच लटपटत उभी राहिली, पाय मोकळे झाल्यावर चरायला लागली. मी अंधार पडेपर्यंत तिच्याजवळ बसले, पुन्हा पडेल म्हणून. आत आले तेव्हा ते उत्तर तिथे नव्हतं. तेव्हापासून ते चारदा आलं आहे. दर वेळी मी मेंढ्या मोजायला बाहेर गेले आहे. मेमध्ये तुला "एकच हंगाम" लिहिलं ते, मर्व्हिन, माझ्या हाताने तसं लिहिलं गेलं. हंगामानंतर कोणत्या कारणासाठी उठायचं ते मला दिसत नव्हतं.

तेव्हा तुझी शंका अपमान नव्हती. ती बरोबर होती. तुझ्या आयुष्यातलं हे पहिलं बरोबर उत्तर असेल आणि तू ते लपवून ठेवलंस.

मी गुरुवारी डॉ. लव्हेटकडे गेले. चौदा मार्च त्यांना सांगितला. पेग बाहेर गाडीत बसली होती. परत येताना तिला सांगितला. ओढ्याचा पूल आल्यावर ती म्हणाली, "मूर्ख बाई. मी समोरच राहते." मग गाडी थांबवून काच पुसायला लागली. काच स्वच्छ होती.

डॉक्टरांनी दर आठवड्याला बोलावलंय आणि मी जाणार आहे. औषधही दिलंय, त्याने तोंड कोरडं पडतं. रायफलीचं मीच काढलं. त्यांनी बंदुकीवर व्याख्यान दिलं नाही, ते स्वतः मेंढपाळाच्या घरातले आहेत. एवढंच विचारलं, "बोल्ट कोणाकडे राहील?"

तिथे मला ते सुचलं, आणि तुला सुचायला हवं होतं. तुझा तो धंदा आहे. बोल्ट ओढून काढला की तुझ्या त्या फिनलंडच्या रायफलीचं लोखंडी नळकांडं होतं. त्याने टोमॅटोच्या वेलाला आधार देता येईल, दुसरं काही नाही. तेव्हा असं. रायफल कायद्याप्रमाणे माझ्या तिजोरीत. बोल्ट आणि काडतुसं पेगच्या घरी, तिच्या तिजोरीत, आणि किल्ली तिच्या गळ्यात. सकाळी साडेसहाला ती एप्रनच्या खिशात बोल्ट घेऊन ओढा ओलांडेल. आम्ही दोघी कुंपणाशी बसू, दोघी मिळून परत येऊ, दलिया खाऊ, आणि ती बोल्ट घेऊन जाईल. मी मागितला तरी ती एकटीच्या हातात देणार नाही. हे तिच्याकडून मी लिहून घेतलं आहे. डॉक्टरांचं पत्र सोबत आहे. ते वाच आणि ठाण्यातल्या सार्जंटलाही दाखव. कायद्याने बोल्ट असा दुसऱ्याच्या घरी ठेवता येत नसेल, किंवा तो परवाना रद्द म्हणाला, तर मी परवाना त्याच्या टेबलावर ठेवेन आणि भांडणार नाही. मग रायफल पेगच्या नावावर जाऊ दे. नेम तिला धरू दे. कोल्ह्याला कोणी मारलं हे कोकराला कळत नाही.

नाही म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे, हे मी स्पष्ट लिहिते. सहा जुलैलाही होता. "बाई, मी तुम्हाला ही देणार नाही" असं म्हणाला असतास तर मी आरडाओरडा केला असता, दार आपटलं असतं, आणि संध्याकाळी घरी बसून मला कळलं असतं की एका माणसाला ते दिसलं. ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं. त्याऐवजी तू मला किनाऱ्याकडचा माणूस दिलास, आणि मी घरी येताना गाडीत विचार केला की आता मी इतकी उरले नाही की लोक मला खरं सांगतील. तुला कल्पना नाही तो रस्ता किती लांब होता.

लेस क्विल्टीचं तू आठ वर्षं एकट्याने वाहतो आहेस. ते सगळं तुझं नाही. तू त्याच्याकडे पाहिलं नाहीस, तसं आम्ही कोणीच पाहिलं नाही. त्याच आठवड्यात मी त्याला पोस्टात भेटले होते आणि त्याच्या मुलीच्या गुणांबद्दल बोलले. पण यातून तू जे शिकलास ते चुकीचं शिकलास. तू रायफल लपवायला शिकलास. विचारायला शिकला नाहीस. माझ्यानंतर त्या काउंटरशी कोणीतरी येईल, एकच पाकीट मागेल आणि हसेल, आणि त्याच्या शेजारी पेग राहत नसेल.

म्हणून मला तुझ्याकडून लेखी उत्तर हवं आहे. पहिल्या ओळीत तो प्रश्न लिही, जो सहा तारखेला तू मला विचारला नाहीस. सरळ शब्दांत, जीव या शब्दाला न टाळता, जेवण आणि अल्पाका मध्ये न आणता. मला ठाऊक आहे तुला त्याचं उत्तर आता माहीत आहे. तरीही लिही, म्हणजे एकदा तो तुझ्या हातून लिहिला गेलेला असेल. त्याखाली, रायफल देणार की नाही ते एका शब्दात.

शुक्रवार, ३० जुलै, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ते पत्र माझ्या फाटकाच्या पेटीत असलं पाहिजे. सोमवारी मेंढ्या व्यायला लागतील. टपालावर विसंबू नकोस, स्वतः घेऊन ये. आणि पेटीत टाकून पळून जाऊ नकोस, दार वाजव.

अर्सुला डेव्हिट